पुलाच्या अलीकडे

५ मार्च, दुपार

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. आताही मधेच उठून आत डोकावून आलो. तुमची धाकटी बहीण झोपली आहे. दुकान आज बंदच ठेवलंय. मन थाऱ्यावर नसताना लोकांच्या गालांवर वस्तरा चालवणं बरं नव्हे.

इकडे थंडी ओसरली. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला बारकी फुलं आली आहेत, पिवळी आणि जांभळी, करंगळीएवढी. गवत अजून वाळकंच, झाडं उघडीबोडकी, आणि यांना कोण घाई. मला नाव ठाऊक नाही. तुम्हाला खरं तर या फुलांचंच लिहायचं होतं, पण नीट सांगायचं तर आधीचंही सांगावं लागेल.

मागच्या पत्रांत मी "जरा अशक्तपणा आहे" असं लिहीत आलो. ताई, अशक्तपणा नाही. थंडी सुरू झाल्यापासून ती अंथरुणातून उठेनाशी झाली. मी गावभराचे केस कापणारा, तिच्या केसांतला गुंता सोडवायला बसलो की म्हणायची, "राहू द्या हो, काय करायचंय." एकदा म्हणाली, "मी नसले तर तुम्ही सुटाल." त्या दिवसापासून दुकानात जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागलो. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

काल पोस्टमास्तरांची दाढी करत होतो. अर्धी झाली होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई धापा टाकत आली. "भाऊ, तुमचं दार सताड उघडं आहे. घरात कुणी नाही." सकाळी घाईत कुलूप लावायचं राहिलं होतं.

तसाच पळालो. कुठे, ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. बाजारात नाही, तिच्या मैत्रिणीकडे नाही. दुकानाकडच्या बाजूने सरळ पुलावर गेलो आणि कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी गढूळ होतं. मागून पोस्टमास्तर आले, अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात माझा टॉवेल. मला दंडाला धरून म्हणाले, "खाली काय बघतोस, समोर बघ. त्या उतारावर बसलीय ती कोण?"

पलीकडे, घराकडच्या उतारावर, तीच होती. अनवाणी, अंगात माझा जुना कोट, ओल्या मातीत उकिडवी बसलेली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "हळू या, पायाखाली येतील." मग एकेक फूल दाखवायला लागली. हे अजून मिटलेलंच आहे, ह्याने खडा बाजूला सारलाय बघा, ह्याच्यात मुंगी शिरलीय. मुंगी बाहेर येताना पाकळीवरून घसरली आणि ती हसली, ताई. एवढ्याशा गोष्टीवर. मग पोस्टमास्तरांकडे लक्ष गेलं. "यांची अर्धीच दाढी करायचं ठरलं होतं का?" म्हणाली आणि पुन्हा हसली. ते बिचारेही हसले.

घरी आल्यावर गरम पाण्याने तिचे पाय धुतले. राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं, "मी आधी पुलावर गेलो होतो."

तिने ओले पाय पोटाशी ओढून घेतले. मग म्हणाली, "मीही तिकडेच निघाले होते. वाटेत ही फुलं दिसली. म्हटलं, जरा बघून मग जाऊ. बघता बघता तुम्ही आलात."

हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. त्या फुलांना हात जोडावेसे वाटतात, आणि ती कोमेजल्यावर काय, हा विचारही पाठ सोडत नाही. आज सकाळी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत ती एकटीच बोलली, खूप वेळ. औषध दिलंय, दर आठवड्याला यायला सांगितलंय. बाई मला म्हणाल्या, "कुलूप नको, माणूस हवं. सोबत कोण आहे तुमच्याकडे?" मी तुमचं नाव घेतलं.

तुम्ही येऊ का म्हणून विचारत होतात आणि मीच काहीबाही सांगून टाळत होतो. आता म्हणतो, या. मिळेल त्या गाडीने या.

तुम्हाला लिहितोय असं तिला झोपण्याआधी सांगितलं. मला वाटलं, रागावेल. म्हणाली, "ताईला सगळं लिहा, काही झाकू नका. आणि म्हणावं, चिखलात चालतील अशा चपला घालून ये. तिला फुलं लवकर दाखवायला हवीत."

दाराकडे डोळे लावून बसलेला,
तुमच्या धाकटीचा नवरा