शेजारच्या सीटचं दार

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा चष्म्याचं दुकान, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात दुसरं कुणी नाही, हेही नमूद करते.

१. राहतं घर, सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. त्याला कसलीही अट नाही. स्वयंपाकघरातला नळ जरा वर उचलून फिरवावा, म्हणजे गळत नाही.

२. दुकानातले बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि काचा घासायचं मशीन समोरच्या चष्मेवाल्याला. त्याने आमची निम्मी गिऱ्हाइकं पळवली. पण दुकान कायमचं बंद केलं त्या दिवशी शटर ओढायला तोच धावून आला, हे मी विसरलेले नाही.

३. मोठी पक्कड नणंदेला. तिने एकदा गाडी मागून नेली आणि मागच्या दोन्ही दारांची हँडलं तोडून आणली. वर मलाच म्हणाली, "वहिनी, फारच नाजूक बाई तुमची गाडी!" तिच्या हाताला शोभेल अशी दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

४. गाडी. हे कलम जरा लांबेल.

ही गाडी घेतल्यापासून तिची हँडलं तुटतात. गॅरेजवाला नवीन बसवायचा, "मावशी, प्लास्टिक आहे, जपून ओढा" म्हणायचा, आणि जपून ओढलं तरी ते हातात यायचं. बाकीची दारं कशीबशी ताळ्यावर आली. ड्रायव्हरशेजारच्या दाराने मात्र नाकी नऊ आणले. ते आतून उघडेचना. शेवटी आमचे हे कंटाळून म्हणाले, "राहू दे आता. मी आहे ना."

तेव्हापासून गाडी थांबली की हे उतरायचे, वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, केवढं हे प्रेम! प्रेम होतंच. पण भर पावसात वळसा घालताना यांच्या तोंडून जे निघायचं, ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगं नाही.

हे गेल्यानंतर मुलगी मला दवाखान्यात घेऊन गेली. गाडी तीच चालवत होती. गाडी लावली आणि ती तरातरा आत गेली. मी सवयीने पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. काच खाली करून हात बाहेर घालता आला असता, पण सुचलंच नाही. बऱ्याच वेळाने ती परत आली.

"आई, उतर की! नंबर गेला आपला."

"तुझे बाबा बाहेरून उघडायचे."

"बाबा नाहीयेत आता!" तिने ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकून माझ्या दाराचं हँडल ओढलं, ते उपटून तिच्या हातात आलं. "विकून टाक हा डबा."

"मग मलाही टाक विकून," मी म्हणाले.

माघार न घेण्याचा गुण तिने माझ्याकडूनच उचलला आहे. त्यानंतर ती आलेली नाही. फोन करते, औषधं घेतलीस का विचारते, ठेवते. मला फार एकटं वाटतं. फोनवर हे तोंडातून निघत नाही, म्हणून इथे लिहिते.

तरीही गाडी तिलाच. अट एकच : न्यायला तिने स्वतः यावं, माणूस पाठवू नये.

गॅरेजवाल्याने परवा त्या दाराला लोखंडी हँडल बसवून दिलं. मी त्या सीटवर बसून ओढून पाहिलं. दार आता आतून उघडतं.

मात्र मी जिवंत असतानाच मुलगी आली, तर हे कलम रद्द समजावं. त्या दिवशी गाडी ती चालवेल आणि मी शेजारी बसेन. हँडलला मी हात लावणार नाही. तिने वळसा घालून यावं.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. गॅरेजवाला (सही; हात पुसून केली, तरी डाग पडला आहे)
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही, मी शुद्धीत असल्याची खात्री त्यांनी करून घेतली)

ठिकाण : राहतं घर
दिनांक : ४ फेब्रुवारी

ता. क. याची एक प्रत मुलीला आजच टपालाने पाठवली आहे.