बटव्यात थिजलेलं पाणी

३ जानेवारी
नात आली पुण्याहून, सोनू. दोन पिशव्या अन् बर्फाचा पांढरा डबा. मले वाटलं कुल्फी. "आजी, त्याला हात लावू नको." म्हणजे लावायलाच पाहिजे.
मंगला सूनबाई, बोलते तसंच लिही. मागच्या खेपी 'भवानी' गाळलं तू, वाचून दाखवलं तवा कळलं.

४ जाने.
डब्यात बोटाएवढी नळी, आत पाण्यासारखं. काय वं हे? म्हणे कोलॅजन, उंदराच्या शेपटीतलं. शाळेत पोरांना दाखवायचंय. गणपतीच्या वाहनाचं शेपूट माह्या दह्याशेजारी!
पुण्याच्या प्रयोगशाळेत याची जेली करते म्हणे, कधी मऊ, कधी घट्ट. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी तिच्यात ठेवायच्या, कशा वागतात पाहायचं. पेशींना गादी, मले सतरंजी.
मग हळूच: "म्हाताऱ्या माणसाचं रक्त हवंय. पुण्याला येतेस? थोडंसंच."
हिच्या आजोबालेही 'फक्त तपासणी' म्हणून अकोल्याले नेलं होतं. आजार घरात सगळ्यांना ठाऊक, एक त्यांनाच नाही. असो.
अन् मागच्या महिन्यात खामगावच्या डॉक्टरनं मले बाहेर बसवलं, मंगला, तुले आत बोलावलं. बाहेर येऊन तू म्हणाली, "अशक्तपणा म्हणाले, आत्याबाई." एवढ्यासाठी इतका वेळ?

५ जाने.
पाणी नसेल, माह्यासाठी आणलेलं औषध असेल. गुपचूप नळी कमरेच्या बटव्यात घातली, सुपारीजवळ. जळगावले मेडिकलवाल्या वसंताले दाखवायची. गाडी उशिरा, गर्दी. दुकानात काढली तं आत थलथल जेली! वसंता म्हणे, "आजी, काय पाळलं बटव्यात?"
सोनू आधी चिडली, मग हसत बसली. "ते उबेनं जमतं गं! म्हणून तर बर्फात." तूप थंडीनं थिजतं, हे उबेनं. उलट्या काळजाचं. शाळेत आता नुसतं तोंडीच सांगणार म्हणे.

७ जाने.
जेली तं खरी निघाली. मग रक्ताचंही खरंच असेल.
सोनूले समोर बसवलं. "मले काही झालं का वं? खरं सांग."
"मला तरी काही माहीत नाही, आजी. आईची शप्पथ."
मानलं. दोन लुगडी पिशवीत टाकली, परवा निघायचं. रक्त देईन, पण ते घट्ट गादीत नका ठेवू म्हटलं, हाडं दुखतात.
आता तूच राहिली, मंगला. खामगावचा डॉक्टर आत काय बोलला होता, ते लिही इथं. मी वाचणार थोडीच?
लिही ना.
पेन काऊन थांबला?