रांधायच्या आधीची मूठ

आई, तुझ्या डब्यात अजून तांदूळ पडतो. चुलीशेजारचा, झाकणाला पोचा आलेला तोच डबा. भातासाठी तांदूळ घेतला की एक मूठ आधी त्यात, मग उरलेला पातेल्यात, आणि रविवारी डबा चर्चमधल्या पोत्यात रिकामा. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते, आता बी.ए. होऊन दोन वर्षं झाली, घरी बसून आहे, पण हात ते न सांगता करतो. मंगळवारी चर्चमध्ये जे झालं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी तो ऊसतोडीचा दिवस आठवतो. आपण गुजरातेत आलोय, मी सात-आठ वर्षांची. पाचटाच्या झोपडीतला, आपल्या कोपीतला तांदूळ तळाला गेलाय, तरी तू मूठ काढून फडक्यात बांधतेस. "इथे चर्च कुठंय? कोण बघतंय?" असं म्हणून मी फडक्यात हात घालते. तू माझं मनगट धरतेस. "बघायला कोणी लागत नाही. ते देऊन झालंय." मग तुझ्या ताटलीतला भात माझ्या ताटलीत सारतेस, पण फडकं सोडत नाहीस. होळीला परतल्यावर ते सगळं पोत्यात गेलं. अशा मुठींचा तांदूळ विकूनच आपल्या चर्चवर पत्रे आले. भिंतींचे दगड तर तुम्ही बायकांनीच नाल्यातून डोक्यावर वाहिले होते.

त्याच चर्चमध्ये परदेशातली मंडळी येणार होती. त्यांना फिरवणारे, शहरातल्या संस्थेचे एक सर दोन दिवस आधी येऊन सगळं ठरवून गेले. दारासमोरच्या मोटारसायकली हलवा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत ठेवा. बायकांनी रोजची लुगडी नेसावीत. तुझी मैत्रीण काकी म्हणाली, "पाहुणे येणार आणि फाटकं नेसायचं? ह्याच्या घरच्या लग्नात असंच नेसतात काय?" सगळ्या हसल्या, पण सर हसले नाहीत. "पाहुण्यांना गरज दिसली पाहिजे, मावशी." काकीने ईस्टरचंच लुगडं नेसलं. आई, मला विचारावंसं वाटत होतं, कुणाची गरज? आपण गरीब नाही असं मी म्हणत नाही. पण गरिबी अशी पाहुण्यांसाठी मांडून ठेवायची, आणि जे आपण स्वतःच्या हातांनी उभं केलं ते झाकायचं, हे कुठल्या वचनात बसतं? मी विचारलं नाही. इंग्रजी येणारी गावात मीच, म्हणून दुभाषी मीच होते. सर म्हणाले होते, "नीट बोललीस तर आमच्या ऑफिसात जागा निघते आहे."

चिंचपाड्याकडून दोन गाड्या आल्या. गाणी झाली, प्रार्थना झाली. पांढऱ्या केसांची एक बाई सतरंजीवर काकीला खेटून बसली. बाई वाईट नव्हती, हे आधी सांगते. तिने विचारलं, हे चर्च तुम्हाला कोणी बांधून दिलं? मी काकीला आपल्या बोलीत विचारलं.

काकी ताठ बसली. "सांग तिला, कोणी बांधून दिलं नाही. रांधायच्या आधी आम्ही मूठ काढायचो. तुझी आई तर ऊसतोडीहून पण आणायची, ते सांग. आणि ही एवढ्या लांबून आली, तिला आमच्या शेतातला तांदूळ घेऊन जा म्हणावं." तिने पदराखालून एक पुरचुंडी काढून मांडीवर ठेवली.

भिंतीपाशी सर उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, आम्ही फार गरीब आहोत. तुमचे आभार."

बाईचे डोळे भरून आले. काकी माझ्याकडे बघत होती. "एवढंच? मी केवढं बोलले! इंग्रजी भारी कंजूष आहे गं पोरी." पुन्हा सगळ्या हसल्या. मग पाहुण्यांनी आणलेल्या तांदळाच्या पिशव्या वाटल्या. फोटोसाठी बायकांना रांगेत उभं केलं, तुझ्याच भिंतीला पाठ लावून. काकीच्या एका हातात त्यांची पाच किलोची पिशवी, दुसऱ्या हातात तिची पुरचुंडी. सर म्हणाले, "ते गाठोडं खाली ठेवा मावशी, फोटोत येतंय." ती तिने खाली ठेवली.

हे पत्र सरांवर रागावून सुरू केलं होतं. राग आहेच, आणि तो खराच आहे. पण त्यांनी फक्त मान हलवली होती, आई. बोलले मी. तू स्वतःचा भात सोडून मला शाळेत शिकवलंस, ते हे बोलायला.

काल काकी घरी आली. "त्या बाईने माझा तांदूळ का गं नेला नाही?" मी म्हटलं, "विमानात नेऊ देत नाहीत, काकी." तिला ते पटलं. "बरोबर, केवढ्या उंच जायचं असतं," म्हणाली, आणि ती पुरचुंडी तुझ्या डब्यात ओतून गेली.

तुला लिहायला मला चार पानं पुरली. काकी चार घरं सोडून राहते, आणि तिच्याकडे अजून गेलेले नाही. सरांचा फोन आला होता, सोमवारी ऑफिसात बोलावलंय. मी येते म्हटलं.