पंचफुलाचं कुलूप

सोमवार, १० फेब्रुवारी १९८६
शी! पहिल्याच दिवशी वकिलांनी पुढच्या खुर्च्या धरल्या. आम्ही समाजकार्यवाल्या मागच्या बाकांवर. कुटुंब न्यायालयं यायची आहेत, तेव्हा दोघांनी मिळून काम करायला शिकायचं, म्हणून हे शिबिर. मिळून! गोपाळराव वकील मला म्हणाले, "रडणाऱ्या बायाईले पानी तुमी पाजा बाई, केस आमी पाहून घेतो." सगळे खो खो हसले.

मंगळवार, ११
पोटगीवर चर्चा, आणि गोपाळराव घोरतायत. मध्येच उठून खिडकीतून पानाची पिचकारी. किळस आली.

गुरुवार, १३
आज नवरा-बायकोचं भांडण करून दाखवायचं होतं. गोपाळराव बायको झाले. रुमालाचा पदर, कंबर हलवत — "मारते जी मले!" वकीलमंडळी हसून लोळली. मार खाणाऱ्या बाईची ही थट्टा!
एकच हसला नाही. मुकुंद देशकर, तरुण वकील. वही उघडून विचारत होता, गृहभेटीत तुम्ही नेमकं काय पाहता? चला, एक तरी माणूस निघाला.

शुक्रवार, १४
माझी पाळी. माझ्याकडे मदतीला येणाऱ्या पंचफुलाचा गृहभेट-अहवाल वाचला. नाव गाळलं अर्थात, नुसतं 'प.' म्हटलं. नवऱ्याने मारून हाकललेली, आणि आता चार वर्षांच्या पोरीचा ताबा तो मागतोय. ही गांधीबागेत कापडाच्या दुकानात झाडलोट करते. तेवढा वेळ पोरीला सक्करदऱ्याच्या तळ्याकाठच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप. दुपारी धावत येऊन भाकरी भरवते. मला सांगताना म्हणाली होती, "तळ्यात पडंल म्हनून लावतो बाई. कोनाले सांगू नका."
गोपाळरावसुद्धा जागे राहून ऐकत होते! देशकर भराभर लिहून घेत होता. म्हणाला, "अशी माहिती आम्हाले मिळतच नाही, ताई." येताना खुशीत महालच्या बाजारात थांबून पावभर पेढे घेतले.

सोमवार, १७
शिबिर संपलं. प्रमाणपत्रं वाटली. घोरणाऱ्यालाही!

सोमवार, २४
कोर्टात पंचफुलाची तारीख. नवऱ्यातर्फे उभा कोण — देशकर! "पोरीला कोंडून ठेवता की नाही? हो की नाही, एवढंच सांगा." तळं, कुलूप, दुकानाची वेळ, सगळं बोलला. भाकरी तेवढी गाळली.
बाहेर त्याला गाठलं. "शिबिरात 'प.' कोण ते ओळखलं नव्हतं, ताई. घरी जाऊन कागद पाहिले तेव्हा समजलं. तिचा नवरा पक्षकार आहे माझा." नीच! तोंडावर थुंकावंसं वाटलं.
गोपाळराव तिथेच पान लावत उभे. म्हणाले, "त्याच्यावर काहून चिडता? पक्षकारानं सांगतलेलं आमी घरी बायकोलेही सांगत नाही. तुमी त भर सभेत वाचलं." त्या घाणेरड्या माणसाकडे पाठ फिरवून मी तडक घरी आले.

बुधवार, २६
कोर्टाचा हुकूम झाला, निकाल लागेपर्यंत पोर नवऱ्याकडे. पंचफुला ऑफिसात आली. भांडली नाही, रडली नाही. कुलूप आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.
"मी तुमालेच त सांगतलं होतं, बाई."