फुगडी तेवढी राहू द्या

वन्सं,

फौजदारानं पुन्हा चावडीवर बोलावलंय. चळवळीतले तुमचे भाऊ कुठं लपलेत ते मी सांगणार न्हाई, तवा आजबी मार हाय.

बाहेर बूट वाजले की माझी पोर चंदन कणगीमागं दडून बसती. तिला ओढून काढू नका, रागावू नका. हात धरून पंचमीला घालतो तशी फुगडी घाला, बुटांपेक्षा मोठ्यानं पाय आपटा. मग हसती. दिवस मावळायच्या आत दोघी जेवून घ्या, माझी वाट बघू नका.

मागं माझं तोंड सुजलं तवा मी तिला म्हणाले, फुगडीत पडले. तर पोर इचारती, "फौजदाराबरोबर घातलीस?"

आज दुसरं कायतरी सांगा. फुगडी तेवढी तिला राहू द्या.

— वहिनी