शुद्ध शाकाहारी ट्रक

४ डिसेंबर २००६, सोमवार
ज्या देशात ट्रकमालकाच्या ऑफिसातल्या एकमेव गादीच्या खुर्चीवर ड्रायव्हर रोज आपला ओला टॉवेल वाळत घालतो, तो देश महासत्ता होणार नाही. मी बसलो. उठलो. दिवसभर कुणाकडे पाठ करायची सोय उरली नाही. रामलिंगला झापलं, तर म्हणतो, "ऊन तितंच येतंय की, मालक." माझा ट्रक एक, ड्रायव्हर एक, बारा वर्षं. किळस आली. निश्चय : दोघांनाही सुधारायचं.

७ डिसेंबर
सुरुवात इंधनापासून. तळणाच्या जुन्या तेलाचं डिझेल करायचं यंत्र शिरोलीच्या एका इंजिनिअरकडून घेतलं. काळं तेल ओता, पावडर टाका, गाळा. परसात ते नको, असं पूर्णिमाचं मत. आमच्या घरात विज्ञानाला बायको आडवी येते.
रामलिंग गडहिंग्लजकडचा, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारा. म्हणाला, "दसऱ्याला गाडीची पूजा करायची आन् रोज तिला लोकांचं उष्टं पाजायचं व्हय?" तेल उष्टं होत नसतं, म्हटलं. "मग तुमी त्यातली पुरी खाऊन दावा की." अडाण्यांशी वाद घालू नये.

९ डिसेंबर
नाक्यावर ड्रायव्हर लोकांपुढे भाषण. प्रदूषण, परकीय चलन वगैरे. एकजण म्हणे, "पावणं, ढाब्यावर चार लिटर काढून इकलं, तर ह्ये घेतंय कोण?" चोर. दुसरा म्हणे, धुराच्या वासानं मागनं येणाऱ्याला भूक लागंल. सगळे खिदळले. एक पिचकारी माझ्या बुटाला चाटून गेली. देशाची वाहतूक यांच्या हाती!
रामलिंग शेवटी तयार झाला. अट : "फकस्त भज्याचं. वशाट न्हाय, मासं-मटणाचं न्हाय." शब्द दिला. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

१५ डिसेंबर
गाडी पळते! धुराला कांदाभज्यांचा वास. कुत्री मागे धावतात. प्रगतीच्या मागे धावायचंच असतं. रामलिंग नाकाला टॉवेल बांधून चालवतो. नाटकी.

१८ डिसेंबर
भजीवाल्याने तेलाचा भाव वाढवला. लबाड जात. मासे तळणाऱ्या खानावळीत फुकट मिळतं. शब्द मी भज्यांबद्दल दिला होता, रसायनशास्त्राबद्दल नाही. गाळल्यावर सगळं शाकाहारीच.

१९ डिसेंबर
इंजिन सुरू केलं आणि रामलिंग खाली उतरला. "बांगडा." एवढंच. किल्ली टेबलावर ठेवली, खुर्चीवरचा टॉवेल उचलला, गेला. शिवीसुद्धा दिली नाही. सभ्यतेचा केवढा आव! बरंच झालं. रत्नागिरीला गूळ मीच नेणार. लायसन्स आहे, छाती आहे.

२१ डिसेंबर, सकाळ, आंबा घाट
मलकापूर सोडलं तेव्हाच थंडी बेशिस्त वाटली होती. घाटात गाडी बंद. फिल्टर उघडला, तर आत तेल गोठून डालड्याचा गोळा. डालड्याला बांगड्याचा वास. आज गूळ पोचला नाही तर व्यापारी सुटला, आणि तो एकच व्यापारी उरलाय. गाड्या यायच्या, वेग कमी करायच्या, वास घेऊन पळायच्या. माणुसकी मेली आहे.
एक थांबली. दुसऱ्याच मालकाची. खाली उतरला रामलिंग. तो हसेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं. हसला नाही. पाच लिटर डिझेलचा कॅन दिला. वर खांद्यावरचा टॉवेल. "पुसून घ्या. म्या हात लावणार न्हाय. आन् नळी टाकीतनं नगो, कॅनमधनंच जोडा." पुसलं. फिल्टर, हात, कपाळ. टॉवेल परत करू लागलो. "ऱ्हाऊ द्या मालक. त्यो आता तुमचाच."
तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं.

२४ डिसेंबर
गूळ त्या दिवशी पोचला. इंजिनिअरचा फोन लागत नाही. ड्रायव्हर मिळत नाही. नाक्यावर माझ्या ट्रकचं नाव बांगडा पडलंय. निश्चय : उन्हाळ्यात पुन्हा प्रयोग. दोष तेलाचा नव्हता, हवामानाचा होता.
सकाळी पंपावरून कॅन भरून घेतला. साधं डिझेल. लक्ष्मीपुरीत एक टॉवेल घेतला. मार्केट यार्डात रामलिंगची गाडी उभी होती, तो आंघोळीला गेला होता. कॅन पायरीवर ठेवला, टॉवेल आरशाला अडकवला. कुणी पाहिलं नाही.
ऑफिसात आलो. खुर्चीवर ऊन आलं होतं. हात फिरवून पाहिलं. कोरडी होती.