संवाद : सौ. जानकी टिपणीस

मी, मार्तंड गोविंद टिपणीस, वय वर्षे ५९, धंदा चित्रपट-दिग्दर्शन, राहणार मुलुंड पूर्व, माझ्यामागे कोणाचा गोंधळ उडू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे.

१. राहती दोन खोल्यांची जागा व बँकेतील शिल्लक पत्नी सौ. जानकी हिची.

२. चावीचा कॅमेरा माझे छायाचित्रकार मधुकर सामंत यांस. माझ्यापायी त्यांनी तीन उन्हाळे मिठागरात अनवाणी काढले. तेल जपून घालावे.

३. प्राग, रोम व टोकियो येथील दिग्दर्शक मित्रांची पत्रे धाकटा भाऊ श्यामकांत यास. "गाण्यांशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय आमटी," असे तो चारचौघांत म्हणाला होता. पत्रांवरची तिकिटे मात्र न चुकता काढून नेई. आता आतला मजकूरही वाचावा.

४. मिठागरावरील माझ्या चित्रपटाचे सर्व हक्क जानकीस. याचे कारण सांगणे भाग आहे. १९५५ साली लंडनच्या एका फिल्म सोसायटीने तो मागवला. आम्ही दोघे गेलो. खाली इंग्रजी मजकूर असलेली प्रत वेळेवर पोहोचलीच नाही, हाती नुसती मराठी प्रत. मी हातपाय गाळले. जानकी शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, "तुम्ही बसा. मी बोलते." पडद्याशेजारी उभे राहून तिने दीड तास प्रत्येक पात्राचे बोलणे इंग्रजीत सांगितले. म्हातारी रडते तिथे मात्र गप्प राहिली. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

नंतर एका गृहस्थाने विचारले, "संवाद कोणाचे?"

मी म्हणालो, "माझे."

वास्तविक ते जानकीने लिहिले होते, मिठागरातल्या बायकांत बसून. ती शेजारीच होती. तीन वर्षे ते मला टोचते आहे. सबब माझ्या पश्चात चित्रपटाच्या नामावलीत संवादांपुढे तिचे नाव घालावे.

५. वरील कलमातील शेवटची सूचना रद्द. मसुदा वाचून जानकी म्हणाली, "अहो, माझ्या नावासाठी तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? मधुकररावांना बोलवा." गेल्या शुक्रवारी त्यांनी नामावलीची नवी पाटी चित्रित केली. अक्षर जानकीचेच आहे. माझ्या नावापेक्षा अंमळ मोठे आले आहे. ते तसेच राहू द्यावे.

स्थळ : मुलुंड
दिनांक : ७ डिसेंबर १९५८

(सही) मार्तंड गोविंद टिपणीस

आमच्यासमक्ष सही केली :
१. जयवंत रामचंद्र दळवी, शेजारी
२. सुनंदा वामन खरे, शिक्षिका